बी-टूमधला भैरोबा

मारतहळ्ळीच्या फ्लॅटवरून घरात झालेली बोलाचाली आठवडाभर धुमसत राहिली आणि शेवटी विठोजींनी प्रकरण देवावर ढकललं. माणसाला स्वतःच्या तोंडानं नाही म्हणायचं नसलं की तो हेच करतो. नातू अभिमन्यू आणि त्यानं पसंत केलेली केतकी, दोघांनी लग्नानंतर तिच्या ऑफिसजवळ, शहराच्या दुसऱ्या टोकाला मारतहळ्ळीला राहायचं ठरवलं होतं. विठोजींच्या लेखी चामराजपेटेतलं राहतं घर सोडून जाणं म्हणजे घरातून उठून जाणं. शिवाय अभिमन्यू गेला तर हार्डवेअरच्या दुकानात बसणार कोण? पण हे उघड कसं बोलणार? मग त्यांना एकदम आठवलं की आपल्या घराण्यात भैरोबाचा कौल घेतल्याशिवाय सोयरीक होत नाही. अभिमन्यूचे आईवडील रेल्वेच्या नोकरीपायी हुबळीला होते. त्यांनी फोनवरच सांगून टाकलं, अण्णा म्हणतील तसं. त्या घरात सगळे नेहमी हेच म्हणत आले होते, आणि अण्णा म्हणजे अर्थात विठोजी.

अडचण एवढीच होती की भैरोबा आता मॉलमध्ये राहत होता.

त्याचं असं झालं होतं. शहराच्या ऐन मध्यात विठोजींच्या वडिलांची लाकडाची वखार होती आणि वखारीच्या कोपऱ्यात शेंदूर फासलेला भैरोबाचा दगड. मॉलवाल्यांनी आजूबाजूचा सगळा पट्टा उचलला तेव्हा विठोजींनीही वखार दिली, फक्त अट घातली की देव जागचा हलणार नाही. बिल्डरनं मान डोलावली, भलामोठा खड्डा खणला आणि देवाला क्रेनला बांधून बरोब्बर त्याच जागेच्या खाली, गाड्या लावायच्या दुसऱ्या तळघरात नेऊन बसवलं. जागा तीच, नुसती खाली. विठोजींना हे पटलं, म्हणजे त्यांनी ते पटवून घेतलं. तेव्हापासून ते त्या अख्ख्या काचेच्या डोंगराला 'आपली वखार' म्हणायचे. आत पाऊल मात्र त्यांनी अजून टाकलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी दोन्ही घरची मंडळी मॉलच्या मोठ्या दारापाशी जमली. केतकीचे वडील हरी सरकारी विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, आई प्रमोदिनी. नोकरीसाठी पुण्याहून आले आणि इथंच स्थिरावले, पण प्रमोदिनीबाईंनी पुणं काही सोडलेलं नव्हतं. कौल वगैरे खुळचटपणा आहे असं त्यांचं स्पष्ट मत होतं. दोघांची पत्रिका त्यांनी दोन ज्योतिषांना आणि एका अ‍ॅपला दाखवली होती. ते झाल्यावर आता दगडाला कशाला विचारायचं, असा त्यांचा साधा सवाल होता. हरींनी सांगितलं की आपण नुसतं बघून येऊ. त्यांना खरं तर तळघराचं बांधकाम बघायचं होतं.

दारावरच्या मशीनमध्ये विठोजींची पिशवी अडकली. आत नारळ, कापूर, आगपेटी, तांब्याचं भांडं आणि शेवंतीची फुलं. आगपेटी आत नेता येणार नाही, असं सिक्युरिटीवाला अदबीनं म्हणाला. ही जागा माझ्या वडिलांची आहे, असं विठोजींनी त्याला कन्नडमध्ये ठणकावून सांगितलं. तो 'सरी सर', म्हणजे बरं सर, म्हणाला आणि आगपेटी काढून घेतली. नारळाचं काय करावं याचा तो विचार करत होता, तेवढ्यात त्याची नजर मागं उभ्या असलेल्या अंबुबाईंकडे गेली आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. आज रविवारी कशा काय अम्मा, असं त्यानं विचारलं. अंबुबाई नुसत्या हसल्या. नारळ न बोलता आत गेला.

अंबुबाई विठोजींची धाकटी बहीण. विठोजी सोडून घरात सगळे तिला अक्काच म्हणायचे. आई अकाली गेली तेव्हापासून तिनं आधी धाकट्या भावंडांना, मग विठोजींच्या पोरांना आणि शेवटी अभिमन्यूला वाढवलं. तिचं लग्न झालं नाही, कारण देवनहळ्ळीच्या नागोजीचं स्थळ आलं तेव्हा कौल डावा, म्हणजे नकाराचा, पडला. एखाद्याला जन्मतः कमी ऐकू येतं हे जितक्या सहज सांगावं, तितक्या सहज घरात हे सांगितलं जायचं. दर मंगळवारी अक्का भजनाला जाते असं सगळे समजत होते, कारण तिनं तसं सांगितलं होतं.

"हा तुला कसा ओळखतो?" विठोजींनी विचारलं.

"मंगळवारी येते की मी. देवाला तेल नको घालायला?" अंबुबाई म्हणाल्या आणि सगळ्यांच्या पुढं चालू लागल्या.

वखारीच्या मालकाला वखारीत कुठं वळायचं ते माहीत नव्हतं. अंबुबाईंना होतं. चपलांच्या दुकानामागं लिफ्ट आहे, पण ती हळू येते, तोवर इकडून या, असं म्हणत त्यांनी सगळ्यांना अत्तरांच्या दुकानासमोरून नेलं. तिथल्या मुलीपुढं त्यांनी सरळ मनगट धरलं. तिनं फवारा मारला. मग अंबुबाईंनी प्रमोदिनीबाईंचा हात धरून पुढं केला आणि हळूच सांगितलं की पैसे पडत नाहीत, घ्या. या बाईशी जपून वागायचं, असं प्रमोदिनीबाई घरून ठरवून आल्या होत्या. पण फुकटचा गुलाबाचा वास मनगटावर दरवळायला लागल्यावर ठरवलेलं सगळं जरा सैल झालं. लिफ्टची वाट बघताना त्यांनी न राहवून अंबुबाईंना विचारलंच, की तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या? अंबुबाई म्हणाल्या, कौलाच्या बाजूची नाही, एवढं धरून चला. प्रमोदिनीबाईंना त्यातलं फारसं काही कळलं नाही, पण त्या अंबुबाईंना खेटून उभ्या राहिल्या.

अभिमन्यू आणि केतकी जरा मागं रेंगाळले होते. अभिमन्यू गुणी मुलगा होता आणि हाच त्याचा दोष होता. मोठ्यांपुढं मान वर करायची त्याला सवयच नव्हती. कौल म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी आहे असं तो केतकीला गेले चार दिवस सांगत होता, आणि जितक्या वेळा सांगत होता तितका तिचा विश्वास कमी होत होता.

"आणि डावा पडला तर?" केतकीनं विचारलं.

"नाही पडणार."

"पडला तर, असं विचारतेय मी."

अभिमन्यू समोरच्या बुटांच्या जाहिरातीकडे बघत राहिला. केतकीनं पर्समधून मेट्रोचं कार्ड काढून हातात घेतलं. ती शांतपणे म्हणाली, "डावा पडला आणि तू मान खाली घातलीस ना, तर मी इथूनच घरी जाईन. रागानं नाही. पण मग पुढं काही बोलायला उरणार नाही." ती जे बोलते ते करते, हे अभिमन्यूला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या तळघरात, ज्याला सगळे बी-टू म्हणत होते, तिथं एका जाड खांबापाशी भैरोबा बसला होता. मागं बाथरूमला लावतात तसल्या पांढऱ्या टाइल्स, पुढं पिवळ्याकाळ्या पट्ट्यांचं रेलिंग आणि वर 'नो पार्किंग'ची पाटी. वरच्या अंगाला हवा खेळती ठेवणारा मोठा पंखा घरघरत होता आणि त्याचा झोत सरळ देवाच्या तोंडावर येत होता. दर्शन घेण्याआधी हरींनी त्या पंख्याकडेच बघून घेतलं. विठोजींच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. देव इथं असा असेल, असं त्यांनी मनात आणलं नव्हतं. मग त्यांनी घसा खाकरला आणि सोयऱ्यांना कौलाची रीत समजावून सांगितली. शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. देवाच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लावायचा मान घरातल्या वडील पुरुषाचा.

या मानाचं एक गुपित होतं, ते विठोजींना कुणी शिकवलेलं नव्हतं. वडिलांच्या शेजारी उभं राहून त्यांच्या बोटांकडे बघताना ते आपोआप समजलं होतं. जी पाकळी राहायला हवी ती चिंब भिजवायची आणि जी पडायला हवी ती अंगठ्यानं जरा निपटून घ्यायची. याला ते लबाडी म्हणत नसत. घराचं भलं कशात आहे ते देवाला माहीत असतं, फक्त त्याला हात नाहीत, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. तरी आज भांड्यात बोटं बुडवताना त्यांना अभिमन्यूकडे बघवेना. पोरगा नजरेसमोर राहावा एवढंच तर आपल्याला पाहिजे आहे, त्यात वाईट ते काय, असं ते मनाशी घोकत होते.

"थांब अण्णा," अंबुबाई म्हणाल्या. "भांडं इकडं दे."

विठोजींना वाटलं पाणी कमी आहे. त्यांनी भांडं दिलं. अंबुबाई रेलिंगच्या आत गेल्या, पदर खोचला आणि एक पाकळी पाण्यात चांगली बुडवून देवाच्या उजव्या खांद्यावर बसवली. दुसरी पदरात धरून टिपली आणि डाव्या खांद्यावर लावली. वरून वारा येतच होता. त्यांनी हात मागं घेतला न घेतला तोच डावी पाकळी खाली आली.

"हा डावा कौल," त्या म्हणाल्या.

प्रमोदिनीबाईंनी केतकीचा हात घट्ट धरला. अभिमन्यूचा रंग उडाला. अंबुबाईंनी दोन नव्या पाकळ्या घेतल्या आणि आता उलट केलं, डावी भिजवली, उजवी टिपली. उजवी पडली.

"आणि हा उजवा. यात भैरोबाचं काही नाही. तो बिचारा नुसता बसलेला असतो."

पलीकडे कुणाची तरी गाडी मागं येताना पीप पीप करत होती. विठोजींनी विचारलं की हे तुला कुणी सांगितलं.

"कुणी सांगितलं नाही. मंगळवारी तेल घातलं की मी इथंच जरा बसते. वर जाऊन आइस्क्रीम खाऊ का नको, एवढंच विचारायचे त्याला. सारखा डावा पडायला लागला. मला खायचं तर होतं. मग पाणी कमी-जास्त करून बघितलं."

"एक्सपेरिमेंट," हरी आदरानं पुटपुटले. प्रमोदिनीबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं.

अंबुबाईंनी भांडं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. त्यांना वाटलं होतं की हे बोलताना आपल्याला राग येईल. राग आलाच नाही, नुसतं रडू येत होतं, आणि ते त्यांनी येऊ दिलं.

"माझ्या वेळी तूच लावला होतास अण्णा."

"आई गेली होती, मागोमाग वडीलही, अंबू," विठोजी म्हणाले. "धाकटी पोरं केवढीशी होती. वखारीतली माणसं जेवायला असायची. तू गेली असतीस तर घर कुणी बघितलं असतं?"

"ते मला दिसत नव्हतं का? तू येऊन मला विचारलं असतंस तर मीच नागोजीला नाही म्हणाले असते. राहिले असते मी. देवाला कशाला मध्ये घातलंस? एवढी वर्षं मी समजत होते की माझं भलं व्हावं असं त्यालाच वाटत नाही. तेल घालताना त्याच्या तोंडाकडे बघायची नाही मी."

इतक्या वर्षांत या बहिणीनं विठोजींकडे काही मागितलं नव्हतं, आणि तिला काही नको असतं असा सोयीस्कर अर्थ त्यांनी लावून घेतला होता. ते रेलिंगला धरून उभे राहिले. इतरांनी कुठं बघावं ते न कळून पाटीवर नजर लावली.

अभिमन्यू बोलला तेव्हा त्याचा आवाज मधेच फाटला, पण तो थांबला नाही. "अण्णा, कौल कसाही पडू दे, मी केतकीशीच लग्न करणार. आम्ही मारतहळ्ळीलाच राहणार. शनिवारी दुकानात येत जाईन, शब्द देतो. पण हे तुम्ही मला समोर बसवून विचारायला पाहिजे होतं." केतकीनं मेट्रोचं कार्ड पर्समध्ये परत ठेवलं आणि चेन ओढली.

अंबुबाईंनी डोळे पुसले आणि भांडं भावापुढं धरलं. "आता लाव. मान तुझाच आहे. सगळ्यांसमोर लाव."

विठोजींनी भांडं घेतलं. त्यांनी एक पाकळी इतकी भिजवली की पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, आणि ती देवाच्या डाव्या खांद्यावर अंगठ्यानं दाबून धरली. चांगली बसली आहे ना, ते वाकून पाहिलं. दुसरी त्यांनी भांड्यात घातलीच नाही. कोरडी ठाक पाकळी त्यांनी उजव्या खांद्याला टेकवली आणि बोट काढण्याआधीच ती खाली आली.

"उजवा," विठोजी म्हणाले.

हरी काही तांत्रिक हरकत घ्यायच्या बेतात होते. पाकळी मुळात चिकटलेलीच नव्हती, तेव्हा ती पडली असं म्हणता येत नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. प्रमोदिनीबाई नुसतं "अहो" म्हणाल्या. त्यांचा अहो हरींना पुरेसा होता. सगळ्यांनी हात जोडले. सगळ्यात आधी जोडले ते प्रमोदिनीबाईंनी, आणि कौल म्हणजे खुळचटपणा हे त्यांचं मत त्या घटकेपुरतं रद्द झालं.

आगपेटी वर अडकलेली, त्यामुळे कापूर लागेना. अभिमन्यूनं मोबाइलचा टॉर्च लावला आणि केतकीनं तो देवापुढून ओवाळला. नारळ फोडायला दगड मिळेना, तेव्हा विठोजींनी तो खांबाच्या लोखंडी कडेवर आपटला. पाणी टाइल्सवर उडालं. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यानं हे सगळं पाहिलं असणार, पण कुणी आलं नाही. केतकी वाकून नमस्कार करायला आली तेव्हा विठोजींनी तिला विचारलं, मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये नळ कुठल्या कंपनीचे आहेत. तिला माहीत नव्हतं. तेवढं तरी आमच्या दुकानातून ने म्हणाले. त्यांना याहून गोड बोलता येत नव्हतं आणि केतकीला तेवढं कळलं.

पोरं आणि सोयरे लिफ्टनं वर गेले. लिफ्ट भरली म्हणून भाऊबहीण मागं राहिले आणि अंबुबाईंनी विठोजींना सरकत्या जिन्याकडे नेलं. जिन्यापाशी विठोजी थबकले. पायऱ्या खालून उगवतच होत्या, कुठली धरावी ते कळेना. अंबुबाईंनी त्यांचा दंड धरला, पिवळ्या रेघेच्या आत पाय ठेव म्हणाल्या आणि त्यांना घेऊन वर चढल्या. अर्ध्या वाटेवर विठोजी म्हणाले, "चुकलंच माझं, अंबू." त्या म्हणाल्या, "पायाकडे बघू नकोस, चक्कर येते. समोर बघ."

आइस्क्रीमच्या काउंटरवर अजून गर्दी व्हायची होती. तिथल्या मुलीनं अंबुबाईंना पाहिलं आणि नेहमीचे दोन बदाम का, असं कन्नडमध्ये विचारलं. अंबुबाईंनी मान डोलावली. मुलीनं दोन कप काढून समोर ठेवले.

"नेहमीचे दोन म्हणजे?" विठोजींनी विचारलं. "दुसरा कुणाचा?"

अंबुबाईंनी आपला कप जवळ ओढला आणि चमच्यानं वरचे बदाम बाजूला केले.

"नागोजीचा. बायको गेली त्याची, मुलं आपापल्या संसारात. मंगळवारी देवनहळ्ळीहून बसनं येतो. गुडघे दुखतात, तरी येतो."

विठोजींनी त्या दुसऱ्या कपाकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, त्याला कौलाचं कळलंय का.

"सांगितलं मी. आधी हसला खूप. मग कपातलं सगळं वितळून गेलं, तरी चमचा लावला नाही."

अंबुबाईंनी पायानं खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि दुसरा कप त्यांच्यापुढं ठेवला.

"आज त्याचा तू खा," त्या म्हणाल्या. "मंगळवारी मात्र येऊ नकोस."